जॉब पावडर घेत नाही : अंबडच्या एका शेडमधलं अर्थिंगचं प्रकरण

जानेवारीतल्या एका सकाळी फोन आला. "सर, जॉब पावडरच घेत नाहीये. तिसरा लॉट परत आला." फोन करणाऱ्या मालकांची अंबड एमआयडीसीत, एक्सलो पॉइंटपासून आत, पावडर कोटिंगची, म्हणजे पत्र्यावर विजेच्या भारानं रंगाची कोरडी पावडर बसवून ती भट्टीत भाजायची, शेड आहे. पावडर मारायचा एक बूथ, दोन हाताच्या गन, एक ओव्हन, पत्रा आधी धुऊन तयार करायची सात टाक्यांची प्रीट्रीटमेंट आणि बारा-तेरा माणसं. काम मुख्यतः इलेक्ट्रिकल पॅनेलच्या दारांचं आणि साइड शीटचं; रंगवायच्या अशा प्रत्येक वस्तूला 'जॉब' म्हणतात. नाशिकला स्विचगिअरच्या कारखान्यांमुळे या कामाला तोटा नाही, पण स्पर्धाही तितकीच. तीन लॉट परत आले की गिऱ्हाईक दुसऱ्या शेडचा दरवाजा ठोठावतं.

तक्रार दोन प्रकारची होती आणि त्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट होत्या. काही दारांवर कोट पातळ होता. गिऱ्हाइकाला ६० ते ८० मायक्रॉन हवे असताना कडांच्या मागच्या बाजूला जेमतेम ३५-४० भरत होते. उरलेल्यांतल्या काही दारांवर जाडी भरपूर, पण पृष्ठभागावर बारीक चांदण्यांसारखे खड्डे आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा. दारं एकाच लॉटमधली, पावडर एकच, ओव्हन एकच, बहुतेक वेळा ट्रॉलीसुद्धा एकच. माझ्या दृष्टीनं या प्रकरणाची किल्ली इथेच होती, पण ती मला पहिल्या दिवशी दिसली नाही, हे सांगायलाच हवं.

मी पोचेपर्यंत मालकांनी बरंच काही करून पाहिलं होतं. पावडरचा पुरवठादार बदलला. गनची सुई बदलली, मग आतला व्होल्टेज वाढवणारा भाग बदलला, त्यात चांगले पैसे गेले. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येतंय म्हणून ड्रायर दुरुस्त करून घेतला. शेवटी कोणीतरी "अर्थिंग बघा" म्हणालं, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावून शेडच्या मागे नवा अर्थ पिट खणला. मीठ, कोळसा, जीआय पाइप, सगळं रीतसर. पिटचा रोध मोजला तर २ ओहमच्या आत. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अर्थिंग एक नंबर आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी जॉब पावडर घेत नव्हता.

बूथवर स्प्रे करणारे मामा पंधरा-सोळा वर्षं याच कामात आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी गन ६० किलोव्होल्टवरून ९०वर नेली होती आणि जॉबच्या अगदी जवळ धरत होते. मी विचारलं, "मामा, इतक्या जवळून का?" तर म्हणाले, "लांबून मारली की अर्धी पावडर मागे फिल्टरला जाते. जॉब ओढतच नाही." 'ओढत नाही' हे शब्द मी वहीत लिहून घेतले. निदान त्यांनी केव्हाच केलं होतं, फक्त ते निदान आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

गन पावडर फेकते आणि ती जॉबवर बसते, असं आपण म्हणतो. पण हवेनं फेकलेली पावडर नुसती आदळली तर बहुतेक खाली पडेल. ती बसते, कारण जॉब तिला ओढतो. गनच्या टोकाच्या सुईवर ६० ते १०० किलोव्होल्टचा ऋण दाब असतो. त्यानं सुईभोवतीची हवा फुटते आणि ऋण आयनांचा लोट निघतो. त्यातून जाणारा पावडरचा प्रत्येक कण थोडा ऋण भार घेतो. समोर जॉब जमिनीशी जोडलेला असेल, तर हा भार जवळ येताच जॉबमधले इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात, हुकावाटे, ट्रॉलीवाटे, तारेवाटे जमिनीत उतरतात, आणि जॉबच्या पृष्ठभागावर धन भार उरतो. कण तिकडे खेचला जातो. कडेला वळसा घालून पाठीमागेही जाऊन बसतो तो याच ओढीनं. बसल्यावर पावडर स्वतः विजेची वाहक नसल्यामुळे तिचा भार सावकाश ओसरतो, म्हणून ओव्हनपर्यंत ती चिकटून राहते.

आता जमिनीचा रस्ता तोडा. गनमधून भार येतच राहतो, पण त्याला जायला वाट नाही. जॉब स्वतःच ऋण होत जातो, आणि ऋण भाराचा कण ऋण जॉबपासून दूर पळतो. हे किती लवकर होतं त्याचा हिशोब मी शेडमध्ये पाटीवर करून दाखवला, कारण तो ऐकल्याशिवाय कोणाला पटत नाही. पॅनेलच्या दाराएवढ्या टांगलेल्या पत्र्याची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, १०० पिकोफॅरड धरा. गनमधून त्याच्यावर २० मायक्रोअँपिअर येतायत असं धरा, म्हणजे अगदीच क्षुल्लक प्रवाह. तरी जमिनीपासून सुटा पडलेला जॉब सेकंदाच्या दहाव्या भागात २०,००० व्होल्टवर जातो. मामांचा हात वरून खाली पहिली फेरी पुरी करायच्या आत जॉब पावडर नाकारायला लागलेला असतो.

जॉबपासून जमिनीपर्यंतचा रोध १ मेगाओहमच्या (दहा लाख ओहमच्या) वर नको, अशी या कामातली मर्यादा आहे. हाच हिशोब उलटा केला की ती कुठून येते तेही समजतं. जॉबपासून जमिनीपर्यंतचा रोध १ मेगाओहम असेल, तर २० मायक्रोअँपिअरला जॉबवर फक्त २० व्होल्ट उभे राहतात, १०० मायक्रोअँपिअर आले तरी १०० व्होल्टच. रोध १,००० मेगाओहम झाला, तर तेच २० मायक्रोअँपिअर २०,००० व्होल्ट उभे करतात. अमेरिकेच्या एनएफपीए ३३ या मानकातही १ मेगाओहमचीच मर्यादा आहे. विजेच्या कामाची सवय असलेल्याला १ मेगाओहम हे 'अर्थिंग' वाटतच नाही, त्याच्या डोक्यात ओहमचे आकडे असतात. पण इथला प्रवाह इतका बारीक आहे की मेगाओहमही चालतो. अडचण येते ती शेकडो-हजारो मेगाओहमला, आणि तेवढा रोध तयार करायला रंगाचा एक भाजलेला थर पुरतो.

पहिल्या दिवशी मी इलेक्ट्रिशियनला ट्रॉलीपासून तपासायला सांगितलं. त्यानं मल्टिमीटरचं एक टोक अर्थच्या पट्टीला आणि दुसरं ट्रॉलीच्या सांगाड्याला लावलं. बीप. आडव्या बारला लावलं, बीप. हुकाला लावलं, क्षणभर काही नाही, मग त्यानं टोक जरा दाबलं आणि बीप. "बघा सर, सगळं ओके." मीही त्या बीपवर विश्वास ठेवून तासभर गन आणि हवेच्या दाबाच्या मागे लागलो. चूक माझी होती. मीटरचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, आणि दाबलं की रंगाचा थर फोडून आतल्या लोखंडाला टेकतं. दार असं काही करत नाही. दाराचं भोक हुकाच्या गोल अंगावर, रंगावर टेकून राहतं. आम्ही हुकाचं अर्थिंग मोजलं होतं, दाराचं कोणी मोजलंच नव्हतं.

हूक हातात घेतल्यावर मग लाज वाटली. ८ गेजच्या तारेचे एस आकाराचे हूक, पण तार कुठेच दिसत नव्हती. काळा, करडा, सिमेन्स ग्रे, पुन्हा करडा. एक हूक पकडीनं तोडला तर आत कांद्यासारखे पापुद्रे निघाले. हूक साफ कधी केले होते, असं विचारल्यावर हेल्परनं सांगितलं की फार जाड झाले की हातोडीनं ठोकतो. ठोकल्यानं सरळ दांड्यावरचा थर निघतो. जॉब टेकतो त्या वळणाच्या आतल्या बाजूचा तसाच राहतो.

दुसऱ्या दिवशी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे फार मोठा रोध मोजायचं मीटर, घेऊन गेलो. मेगर मुद्दाम, कारण मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो आणि इतक्या मोठ्या रोधाबद्दल त्याचं मत विचारात घेण्यासारखं नसतं. गन बंद, बूथ रिकामा केलेला, एक्झॉस्ट चालवून आत पावडर तरंगत नाही याची खात्री केलेली. मेगरच्या टोकाशीही ठिणगी पडू शकते, म्हणून हे आधी. एका ट्रॉलीवर २४ दारं टांगली, नेहमी टांगतात तशीच, हूक न निवडता. मेगरची एक क्लिप बूथच्या अर्थच्या पट्टीला, दुसरी थेट दाराच्या उघड्या पत्र्याला. २४ जागांना नंबर देऊन कागदावर लिहीत गेलो. ९ दारं १ मेगाओहमच्या आत होती. ४ दारं त्याच्या वर, पण काही दशक मेगाओहमपर्यंतच. उरलेल्या ११ दारांना सुई अनंतावरून हललीच नाही.

मग मामांना सांगितलं की रोजच्यासारखंच मारा, काही बदलू नका. ट्रॉली ओव्हनमधून आल्यावर गार करून प्रत्येक दाराची जाडी त्याच कागदावर लिहिली. अनंत दाखवणाऱ्या ११ पैकी ९ दारं पातळ, मागच्या कडा जवळजवळ उघड्या. चांदण्या पडलेली दारं ७, आणि ती सगळी त्या चांगल्या अर्थिंगच्या ९मधली.

कागद पाहून मालक म्हणाले, "म्हणजे चांगलं अर्थिंग असलेलेच जॉब खराब?" तेव्हा कुठे दोन उलट्या तक्रारींचा धागा माझ्या हाती लागला. जुन्या हुकांवरचे जॉब पावडर घेत नव्हते म्हणून मामांनी व्होल्टेज वाढवलं आणि गन जवळ नेली. सुटे पडलेले जॉब त्यानंही सुधारले नाहीत. पण त्याच ट्रॉलीवर काही महिन्यांपूर्वी घेतलेल्या नव्या हुकांवर टांगलेली दारं होती, त्यांना आधीच उत्तम अर्थ होता. त्यांच्यावर ९० किलोव्होल्टनं, जवळून, आयनांचा मारा झाला. पावडरला न चिकटलेले मोकळे आयनसुद्धा थरावर येऊन साठतात. थराच्या आत विजेचा दाब इतका वाढतो की थर आतूनच फुटतो, बारीक बारीक ठिणग्या पडतात, आणि त्या जागी खड्डा उमटतो. भाजल्यावर तोच चांदणीसारखा दिसतो. आजारी जॉबचं औषध धडधाकट जॉबला पाजलं जात होतं.

सुई अनंतावर असूनही चांगली निघालेली २ दारं मला अस्वस्थ करत होती, म्हणून त्यांचे हूक भिंगाखाली पाहिले. दोन्हींच्या आतल्या वळणावर ताजा ओरखडा होता. ट्रॉली बूथमध्ये ढकलताना रुळाच्या सांध्यावर धक्का बसतो, तिथे दार हुकावर सरकलं होतं आणि धारदार भोकानं रंग खरवडून लोखंड गाठलं होतं. एवढ्याशा ओरखड्यानं दार वाचलं.

सुट्या जॉबची खूणही रोज डोळ्यांसमोर होती. गनच्या कंट्रोलरवर किलोव्होल्टशेजारी मायक्रोअँपिअरचा आकडा असतो. अर्थ चांगला असलेल्या जॉबजवळ गन नेली की प्रवाह चढतो आणि व्होल्टेज थोडं उतरतं. सुट्या जॉबजवळ नेलं तर प्रवाह फारसा चढत नाही. मामांनी तो आकडा कधी पाहिला नव्हता, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. गन विकणाऱ्यानं नाही, आणि इतकी वर्षं शेडमध्ये येणाऱ्या माझ्यासारख्यांनीही नाही.

कोटच्या जाडीपेक्षा मला जास्त काळजी वाटली ती मामांच्या हातांची. त्यांनी जाड रबरी हातमोजे घातले होते. "हिवाळ्यात जॉबला हात लागला की चट्‌ करून बसतो. मागच्या महिन्यात तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. म्हणून घेतले." झटका बसतोय म्हणून माणूस रबर घालणारच. पण हाताच्या गनची मूठ वाहक असते आणि केबलवाटे अर्थला जोडलेली असते. उघड्या तळव्यानं ती धरली की स्प्रे करणारा स्वतःही जमिनीशी जोडला जातो. रबरी मोजे आणि रबरी तळाची चप्पल घातल्यावर मामा स्वतःच एक सुटा जॉब झाले होते. माणसाच्या अंगाची धारिता १०० ते २०० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे पॅनेलच्या दारापेक्षा कमी नाही.

मग तो 'चट्‌' किती मोठा, याचा हिशोब केला. १०० पिकोफॅरडचा जॉब २०,००० व्होल्टवर असेल तर ठिणगीत २० मिलीज्यूल ऊर्जा असते. बऱ्याच कोटिंग पावडरींचा ढग पेटायला काही मिलीज्यूलपासून काही दशक मिलीज्यूलपर्यंतची ठिणगी पुरते. थिनरच्या वाफेला तर एक मिलीज्यूलसुद्धा लागत नाही. म्हणून ओल्या रंगाच्या इलेक्ट्रोस्टॅटिक बूथमध्ये हेच प्रकरण कितीतरी जास्त भयंकर ठरतं. या शेडमध्ये काही झालं नाही, कारण एक्झॉस्ट चालू असायचा आणि बूथमधल्या हवेत पावडरचं प्रमाण पेट घेण्याइतकं होत नव्हतं. एक फिल्टर तुंबला असता तर ती सोयही गेली असती. रंगाच्या थरातून भार फुटतो तेव्हा हुकाच्या टोकाशीही अशाच ठिणग्या पडतात, आणि त्या अगदी पावडरच्या ढगात पडतात. शिवाय बूथमध्ये एक लोखंडी स्टूल होतं, पायांना रबरी बुचं लावलेलं. वरच्या रांगेला पोचायला मामा त्यावर उभे राहायचे. ते मी त्याच दिवशी बाहेर काढायला लावलं. बूथमधली प्रत्येक धातूची वस्तू, बादली असो की पाना, जमिनीशी जोडलेली हवी किंवा बूथमध्ये नको.

उपाय महागडे नव्हते. सगळ्यात आधी हुकांचे दोन संच केले, एक कामावर, एक सफाईत. सफाईसाठी हूक बाहेर स्ट्रिपिंगला, म्हणजे जुना रंग उतरवायला, पाठवायचे ठरवले. शेडमागे उघड्यावर जाळायचे हा सोपा मार्ग सुचवला गेला होता. त्या धुराला शेजारी आणि मी दोघांनीही नकार दिला. हुकाचं वळणही बदललं. गोल वळणाऐवजी इंग्रजी 'व्ही'सारखा टोकदार खोबणीचा आकार दिला, म्हणजे दाराचं वजन एका बारीक रेषेवर येतं आणि उरलासुरला थर चिरला जातो. आडवे बार चौकोनी होते. ते सपाट बाजूवर बसवले होते, ते फिरवून कोनावर उभे केले. आता हुकाचं वरचं टोक बारच्या धारेवर टेकतं, आणि हूक स्वतःच त्या जागेवर सावली धरत असल्यानं तिथे पावडर कमी पोचते. ट्रॉलीची चाकं नायलॉनची होती, तिचा अर्थ एका लोंबणाऱ्या साखळीवर अवलंबून होता. तिथे तांब्याची वेणी आणि मजबूत क्लॅम्प दिला. एकाखाली एक दार टांगायची पद्धत मात्र बंद केली, कारण खालच्या दारापर्यंत जायला दोन हुकांचा रस्ता लागतो आणि एक जरी बिघडला तरी ते दार सुटं.

मामांच्या हातमोज्यांचा तळवा कापला. पहिल्या दिवशी ते मूठ धरायला कचरत होते, आणि ते साहजिक होतं. मी आधी गन धरून दोन दारं मारून दाखवली, मग त्यांनी धरली. चपलेच्या जागी अँटिस्टॅटिक बूट आले.

गन पुन्हा ६० किलोव्होल्टवर आणली, अंतर वीतभर वाढवलं. कोपऱ्यांच्या आत, दाराच्या दुमडलेल्या पट्टीत, ५०पर्यंत उतरायला सांगितलं. विजेचं क्षेत्र कोपऱ्याच्या तोंडाशीच अडतं, तिथे जास्त व्होल्टेज देऊन काही मिळत नाही. पहिल्या लॉटची जाडी ६२ ते ७६ मायक्रॉन आली. मागच्या कडांवर पावडर आपोआप वळसा घालून गेली होती. ती पाहून मामा म्हणाले, "आता ओढतोय."

आता रोज शिफ्ट सुरू होताना, बूथमध्ये पावडर उडायच्या आधी, हेल्पर मेगर घेऊन ट्रॉलीवरची पाच दारं मोजतो आणि आकडे वहीत लिहितो. दारं कोणती ते त्यानं ठरवायचं नाही, वरची, मधली, खालची अशी फिरती ठेवली आहेत. १ मेगाओहमच्या वर एकही गेलं तर त्या ट्रॉलीचे सगळे हूक बदलायचे. एप्रिलमध्ये मी सहज ती वही चाळली. एका सोमवारी ५ पैकी ३ दारं वर गेलेली होती. खाली हेल्परच्या अक्षरात लिहिलं होतं : हूक बदलले, ट्रॉली ४० मिनिटं थांबली. मालकांनी त्या ४० मिनिटांबद्दल त्याला काही म्हटलं नव्हतं.